मिडी लेथ घेताना आधी खालचा स्पीड बघा

लाकूड कातायचा मिडी, म्हणजे मधल्या आकाराचा, लेथ घ्यायला गेलेल्या माणसाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: स्विंग किती, म्हणजे केवढ्या व्यासाचं लाकूड फिरेल? 12 इंच म्हटलं की निम्मं समाधान, 1 एचपी म्हटलं की उरलेलं. विचारायचं राहतं ते असं की पट्टा खालच्या पुलीवर टाकल्यावर कमीत कमी आरपीएम (मिनिटाला फेरे) किती, आणि तिथे मोटर दम धरते का.

जळगाव-धुळ्याकडे घरी कातायला सहज मिळतं ते बाभूळ, निंब, चिंच, बांधावरचा सिरस. 10 इंच व्यासाचा आणि 4 इंच जाडीचा ओल्या बाभळीचा ठोकळा पाच किलोच्या घरात जातो. करवतीने कितीही गोल केला तरी एका अंगाला जड राहतोच. तो थेट 500 वर फिरवला तर 45-50 किलोचा लेथ स्टँडसकट चालायला लागतो. म्हणून कमीत कमी स्पीड 250 च्या आसपास हवा. गोल आल्यावर हिशेब सोपा आहे: इंचातला व्यास गुणिले आरपीएम, उत्तर 6000 ते 9000 मध्ये. म्हणजे 10 इंचाच्या वाडग्याला 600 ते 900. दीड इंची लाटण्याला हाच हिशेब 4000 च्या वर जातो, पण 2000-2500 ला ते छान निघतं.

बहुतेक मिडी लेथना तीन पुल्या आणि वर स्पीडचं बटण असतं. पट्टा मधल्या पुलीवर ठेवून नुसतं बटण खाली आणायची सवय मोटर खाते. एक तर ताकद मिळत नाही, गाऊज (पन्हळीच्या पात्याची पटाशी) जरा खोल गेला की लाकूड थांबतं. दुसरं, मोटरचा पंखा तिच्याच शाफ्टवर असतो. ती हळू फिरली की वाराही कमी. मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये 44-45 अंशात हे फार वेळ चालत नाही. वाडगा असेल तर पट्टा खालीच टाका. पट्टा बदलायला पाना लागतो की नुसती लिव्हर, हेही बघून घ्या. पाना लागणाऱ्या मशीनवर पट्टा कुणी बदलत नाही.

डीसी मोटर स्वस्त पडते. थ्री-फेज मोटर आणि व्हीएफडीचा (विजेची फ्रिक्वेन्सी बदलून मोटरचा स्पीड बदलणाऱ्या ड्राइव्हचा) लेथ महाग, पण घरच्या सिंगल फेजवर चालतो आणि खालच्या स्पीडला जास्त नेटाने ओढतो. वाडगेच करायचे असतील तर माझं मत व्हीएफडीला. संध्याकाळी सगळ्या गल्लीतले कूलर लागले की व्होल्टेज बसतं, म्हणून खरेदीआधी त्याच वेळी सॉकेटवर मीटर लावून बघा. 200 च्या खाली जात असेल तर स्टॅबिलायझरचा खर्च धरा. घरच्या इन्व्हर्टरवर लेथ लावायचा विचारही नको.

12 इंच स्विंग म्हणजे लाकूड फिरवणाऱ्या दांड्याच्या, स्पिंडलच्या, मध्यापासून बेडपर्यंत, म्हणजे खालच्या लांब बिडाच्या पाटापर्यंत, 6 इंच. पण हत्यार टेकवायच्या टूलरेस्टचा बॅन्जो (बेडवर सरकणारा पाया) मध्ये येतो, त्याच्यावरून जेमतेम साडेनऊ इंचाचं लाकूड फिरतं. लांबीचंही तसंच. लाकूड दोन्ही टोकांना धरणाऱ्या दोन टोकदार सेंटरमध्ये 16 इंच असले तर लाटणं, रवी, भरीत ठेचायचं मुसळ आरामात बसतं. पाळण्याच्या खांबाला बेडचा जोडतुकडा लागतो, तो त्या मॉडेलला मिळतो का ते आधीच विचारा.

दुकानात दोन्ही सेंटर लावा आणि टेलस्टॉक, म्हणजे स्पिंडलसमोरचा सरकता भाग, पुढे सरकवून टोकं भिडवा. मग टेलस्टॉक मागे घ्या, त्यातली पुढे-मागे होणारी नळी (क्विल) दोन इंच बाहेर काढून, लॉक करून पुन्हा भिडवा. पहिल्यांदा जुळली आणि दुसऱ्यांदा अर्धा सूत चुकली, तर त्या मशीनवर लांब भोक सरळ पडणार नाही. आधी सेंटर बसतं ते निमुळतं भोक (मोर्स टेपर) बोटाला फडकं गुंडाळून पुसा, आतल्या कचऱ्यानेही टोक हलतं. शेवटी स्पिंडल धरून पुढे-मागे ओढा. ‘टक’ असा बारीक आवाज आला तर बेअरिंगमध्ये खेळ आहे.

स्पिंडलचा आटा 1 इंच 8 टीपीआय (इंचाला 8 आटे) किंवा एम33 गुणिले 3.5 (33 मिमी व्यास, आट्यांत 3.5 मिमी अंतर) असावा. या दोन्हींना चक (लाकूड जबड्यात धरणारा) आणि फेसप्लेट (लाकूड स्क्रूने बसवायची तबकडी) मिळतात. तिसराच आटा असेल तर मशीन कितीही स्वस्त असो, प्रत्येक वस्तू एमआयडीसीतल्या टर्नरकडून करून घ्यावी लागेल. बजेटचा तिसरा हिस्सा चार इंची चक, एचएसएस (हायस्पीड स्टील) गाऊज आणि ग्राइंडरला बाजूला काढा. लांब लाकूड गोल करायचा स्पिंडल रफिंग गाऊज वाडग्याला लावू नका, मुठीजवळ पातं बारीक असतं, तिथे तुटतं.

लेथ बसवताना काळ्या मातीचं भान ठेवा. या जमिनीवरच्या फरश्या पावसाळ्यात उचलतात, उन्हाळ्यात बसतात. वाकड्या स्टँडवर बोल्ट आवळले की बेड पिळतो आणि दुकानात जुळलेली टोकं घरी चुकतात. मशीनला नावं ठेवायच्या आधी चारही बोल्ट ढिले करा, जिथे फट दिसेल तिथे पत्र्याचा तुकडा सारा, मग थोडं थोडं आळीपाळीने आवळा. हे पावसाळ्यानंतर एकदा परत करावं लागतं.

कूलरचा झोत बेडवर येऊ देऊ नका. ओल्या बाभळीचा भुसा तर रात्रभर बेडवर ठेवूच नका. बाभळीत टॅनिन भरपूर. त्याची बिडाशी गाठ पडली की सकाळी बेडवर शाईसारखे निळे-काळे डाग, आणि त्याच बेडवर टेकवलेल्या फिकट लाकडालाही तेच लागतात. काम संपलं की ब्रशने झाडा, कोरड्या फडक्याने पुसा, वर मेणाचा पातळ हात द्या. तेल नको, त्यावर भुसा चिकटतो आणि टेलस्टॉक अडखळायला लागतो.