कनाल द्यू मिदीवरची 'निवांत' बोट: चढाचे लॉक, समोरचा वारा आणि इंजिनाच्या तासांचं बिल

निकाल आधीच सांगून टाकतो. दक्षिण फ्रान्समधल्या कनाल द्यू मिदीवर स्वतः चालवायची बोट घेणार असाल तर ती त्रेब किंवा कार्कासोनला ताब्यात घ्या आणि पूर्वेला, म्हणजे समुद्राच्या दिशेने या. उलटं करू नका. आम्हाला उलटं करायला लावलं, आणि मी हे लिहितोय तेव्हा उजव्या तळहाताची सालं अजून निघतायत.

कारण साधं आहे पण ब्रोशरमध्ये कुठेही नाही. हा कालवा तुलूझपासून समुद्राकाठच्या 'तो' (Thau) नावाच्या सरोवरापर्यंत 240 किलोमीटर आहे, आणि मध्ये नोरूझला 189 मीटर उंचीवर त्याचा माथा आहे. म्हणजे बेझिएकडून, समुद्राच्या बाजूने, कार्कासोनकडे जाताना तुम्ही प्रत्येक लॉकमधून (दोन्ही टोकांना दारं असलेला हौद, ज्यात पाणी भरून किंवा सोडून बोट वर-खाली करतात) वर चढता. आणि त्याच भागात सेर्स नावाचा कोरडा पश्चिम वारा वाहतो, तो नेमका तुमच्या तोंडावर. चढ आणि वारा दोन्ही विरुद्ध. मी बुकिंगच्या आधी बोट देणाऱ्या कंपनीला ईमेलवर स्पष्ट विचारलं होतं की दिशा कुठली बरी, तर उत्तर आलं 'दोन्ही सारख्याच सुंदर'. सुंदर असतील हो, पण दोर कोण ओढणार ते विचारलं होतं. नंतर त्रेबला आमच्या शेजारी बोट लावलेल्या डच आजोबांनी हसत सांगितलं की कंपनीला कुठल्या बेसवर बोट परत हवी असते त्यावर सल्ला ठरतो. खरं खोटं माहीत नाही, मला पटलं. शिवाय एकाच दिशेने जायचं म्हणून वेगळे पैसे घेतले ते घेतलेच.

आम्ही चौघं. मी, बायको, मेव्हणी आणि साडू. साडूभाऊ श्टुटगार्टला असतात, गाडी उत्तम चालवतात म्हणून सुकाणू त्यांच्याकडे, दोर माझ्याकडे. लायसन्स लागत नाही, कंपनी अर्धा-पाऊण तास शिकवते आणि तात्पुरतं कार्ड देते. वेगमर्यादा ताशी 8 किलोमीटर, त्यामुळे कोणाला वाटेल यात शिकायचं काय. आमचा बेस बेझिएच्या पश्चिमेला होता आणि तिथे आर्जांसपर्यंत 54 किलोमीटर एकही लॉक नाही. म्हणजे आम्हाला बोट शिकवली ती एकही लॉक न दाखवता! भिंतीवरच्या चित्रावर बोट ठेवून 'असं होतं, मग असं होतं' एवढंच.

हे 54 किलोमीटर छानच आहेत. माल्पासचा बोगदा (165 मीटर, सतराव्या शतकातला), कापेस्तांचा बुटका पूल जिथे छत्री मिटून सगळ्यांनी खाली बसायचं, ल सोमायचं जुनं पुस्तकांचं दुकान. फोटो भरपूर काढले, पुढे चला.

आर्जांसला पहिला लॉक, एकेरी. तो जमला म्हणून आम्ही टाळ्या वाजवल्या. लगेच पुढे पेशलोरिए, तो दुहेरी, त्याच्यापुढे ओन्यों, तोही दुहेरी. मग ओंप्स. आणि ओंप्स ते त्रेब या पंचवीस-तीस किलोमीटरमध्ये जे आहे त्यासाठीच हा सगळा प्रपंच लिहितोय. प्युइशेरिक दुहेरी, एग्वीय दुहेरी, सें-मार्तें दुहेरी, फॉनफील तिहेरी, मार्सेयेत एकेरी आणि शेवटी त्रेब तिहेरी. नकाशावर एकच खूण दिसते, पण तिहेरी म्हणजे एकाला एक चिकटलेले तीन हौद, एकातून बाहेर पडलात की थेट दुसऱ्याच्या तळाशी, मध्ये श्वास घ्यायला जागा नाही.

चढाला काय करावं लागतं ते नीट वाचा, कारण आम्हाला कोणी सांगितलं नाही. लॉकच्या अलीकडे काठाला बोट टेकवून एकाने, शक्यतो दोघांनी, खाली उतरायचं आणि चालत वर जायचं. बोट रिकाम्या हौदात शिरते तेव्हा ती तुमच्या पायापासून बरीच खाली असते, आणि तिथून बायको दोर वर फेकते. पहिल्या फेकीत तो पाण्यात पडतो. दुसऱ्या फेकीतही. तेवढ्यात मागून दुसरी बोट आत येत असते आणि साडूभाऊ 'धर, धर' ओरडत असतात. दोर मिळाला की लोखंडी खुंट्याला नुसता वेढा द्यायचा, गाठ कधीही मारायची नाही. बोट वर येते तसतसा ढिला पडणारा दोर सतत ओढून घ्यायचा. लॉकवाला समोरच्या दाराच्या झडपा उघडतो आणि पाणी असं घुसतं की बोटीचं नाक धरून ठेवणं हे एका माणसाचं पूर्ण काम होतं. पुढचा दोर सैल सोडलात तर नाक फिरतं आणि बोट आडवी होते. शक्यतो हौदात मागच्या बाजूला उभे राहा, पुढे पाणी जास्त उसळतं.

त्यात इथले हौद सरळ भिंतींचे नाहीत, अंडाकृती आहेत. पिएर-पॉल रिके या माणसाने 1666 ते 1681 मध्ये हा कालवा बांधला (काम पुरं व्हायच्या काही महिने आधी, 1680 मध्ये, तो गेला), आणि सुरुवातीच्या सरळ भिंतीचा एक लॉक कोसळल्यावर मातीचा दाब पेलावा म्हणून त्याने भिंतींना बाक दिला. इंजिनिअर म्हणून मी त्याला सलाम करतो. दोर धरणारा म्हणून नाही, कारण बोट सरळ आणि भिंत वाकडी, त्यामुळे मधला भाग भिंतीपासून लांब आणि नाक-शेपूट आदळत राहतात. बाजूला लटकवलेले रबरी फुगे नेमके तिथे पोचत नाहीत जिथे हवेत. ते पुढे-मागे सरकवून बांधा, कोणाला विचारू नका.

फॉनफीलला वारा सुटला. या बोटी उंच आणि तळाला सपाट, तरंगणारं खोकंच म्हणा ना, वाऱ्याने बाजूला सरकतात आणि कमी वेगात सुकाणू काम करत नाही. दाराबाहेर थांबायचं तर इंजिन चालू ठेवून जागेवर राहायची धडपड, त्यात प्रवासी बोटींना अग्रक्रम, त्यामुळे एक मोठी सहलीची बोट आली आणि आमच्या आधी आत गेली. मग लॉक जेवणासाठी तासभर बंद. आम्ही काठावरच्या झुडपात घुसून बसलो. बायको आणि मेव्हणी दोघी बहिणी एकमेकींशी बोलत नव्हत्या, आणि आम्ही दोघे साडू त्या विषयात पडलो नाही. तीन हौद चढून वर आलो तेव्हा मला अक्षरशः उड्या माराव्याशा वाटल्या, आणि पाय थरथरत होते म्हणून मारल्या नाहीत.

तर: चढाच्या दिशेने जायचंच असेल तर किमान चार धडधाकट मोठी माणसं हवीत, ज्यातली दोन दोर ओढू शकतात. आईवडिलांना घेऊन जोडप्याने हा उद्योग करू नये. उताराला हेच काम दहा टक्केसुद्धा नाही: भरलेल्या हौदात शिरा, काठ हाताशी असतो, दोराचा वेढा द्या आणि पाणी उतरेल तसा सोडत जा. समोरून उतरणारी माणसं एका हातात दोर आणि दुसऱ्या हातात वाइनचा ग्लास घेऊन उभी होती. मी खोटं सांगत नाही.

बाऊ थ्रस्टर (बोटीचं नाक बाजूला ढकलणारा छोटा पंखा) असलेलीच बोट घ्या. जास्त पैसे पडतात, द्या. चामड्याचे किंवा बागकामाचे हातमोजे घरूनच न्या. रबरी तळाचे बंद बूट, चपला नाहीत. बाकी तब्येत बरी असेल, सायकल येत असेल तर वेगळी तयारी नको.

आता पैशांचं. बोटीचं भाडं दिसतं ते निम्मं प्रकरण. सफाईचे वेगळे, सायकलींचे वेगळे, गाडी ठेवायची तर वेगळे, अनामत कमी करायचा विमा वेगळा. पण खरी मेख इंजिनाच्या तासांची. डिझेल लिटरवर नाही, इंजिन किती तास चाललं त्यावर लावतात, आम्हाला तासाला दहा युरोच्या वर पडलं. आणि इंजिन फक्त बोट हलवायला चालत नाही. अंघोळीचं गरम पाणी त्याच्यावर, बॅटरी त्याच्यावर, लॉकच्या रांगेतलं ताटकळणं त्याच्यावर. चढाच्या दिशेला ताटकळणं जास्त, म्हणजे तिथेही आम्हीच जास्त भरले. बोट घेताना मीटरचा फोटो काढा, परत देताना परत काढा, त्यांच्या माणसासमोर. आमच्या कागदावरचा सुरुवातीचा आकडा आणि फोटोतला आकडा जुळत नव्हता, फोटो दाखवल्यावर 'ओह पार्दों' म्हणून कमी केला. फोटो नसता तर? रांगेत थांबायचं असेल तर काठाला बांधा आणि इंजिन बंद करा. कालव्याच्या काठावर मेखा ठोकून कुठेही रात्र काढायला पैसे लागत नाहीत, हातोडी बोटीवर असते. बंदरात पैसे पडतात, पण पाणी भरायला आणि चार्जिंगला एक रात्र आड बंदर बरं.

अजून एक फसवणूक, ही मात्र कोणाची मुद्दाम नाही. फोटोत जी सावलीची कमान दिसते, दोन्हीकडून प्लेन वृक्ष पाण्यावर झुकलेले, ती बऱ्याच ठिकाणी आता नाही. 2006 मध्ये बुरशीचा रोग सापडला, त्यावर इलाज नाही, हजारो झाडं पाडून जाळली. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैन्याच्या दारूगोळ्याच्या लाकडी खोक्यांतून ही बुरशी आली असं मानतात. नवी झाडं लावलीयत, अजून पोरं आहेत. त्यामुळे तासन्‌तास डोक्यावर ऊन, तेही सप्टेंबरात. जुलै-ऑगस्टमध्ये तर मी कोणाला जा म्हणणार नाही. टोपी बांधायची दोरी असलेली घ्या, माझी साधी टोपी मार्सेयेतच्या अलीकडे कालव्यात आहे.

खाणंपिणं. इथे तक्रार कमी. सप्टेंबरात मिनेर्व्हुआत, म्हणजे इथल्या वाइनच्या भागात, द्राक्षतोडणी चालू असते, गावातल्या सहकारी वायनरीत ट्रॅक्टर रिकामे होत असतात आणि बाजूलाच सुटी वाइन मिळते, पेट्रोल पंपासारख्या नळीने तुमच्या कॅनमध्ये भरून देतात. पाच लिटरचा कॅन न्या किंवा तिथेच घ्या. लिटरला तीन युरोच्या आत आम्ही जी लाल मिनेर्व्हुआ प्यायलो ती बंदरावरच्या हॉटेलात त्याच्या कितीतरी पटीला ग्लासात येते. काठावरच्या पर्यटकी हॉटेलांत वाइन पिऊ नका, संपलं. फेसाळ हवी तर शॅम्पेनच्या मागे न लागता ब्लांकेत द लिमू घ्या, ती इथलीच, सें-इलेरच्या मठात 1531 पासूनची नोंद सांगतात. हिरवे ल्यूक ऑलिव्ह, चंद्रकोरीच्या आकाराचे, मी एकटा अर्धा किलो खाऊ शकतो आणि खाल्ले.

कासुले म्हणजे पांढरा घेवडा, बदक, डुकराचं सॉसेज, मातीच्या पसरट भांड्यात तासन्‌तास भाजलेलं. कास्तेलनोदारी, कार्कासोन आणि तुलूझ ही तीन गावं अस्सल कोणाचं यावर भांडतात. पदार्थ भारी आहे, दोन्ही अर्थांनी. दुपारी खाऊन त्रेबचे तीन हौद चढायला जाऊ नका. साडूभाऊंनी खाल्लं आणि सुकाणूवर डुलक्या घेत होते, शेवटच्या हौदात दारालाच टेकवली बोट. रात्री खा. मेव्हणी शाकाहारी, तिचे हाल झाले: गरम बकरी-चीजचं सॅलड, ऑम्लेट, परत गरम बकरी-चीजचं सॅलड. बोटीवर गॅसची शेगडी असते, छोटा कुकर आणि डाळ-तांदूळ नेलेत तर घरातली शांतता टिकेल. हॉटेलं दुपारी बारा ते दोनच जेवण देतात, दोन वाजून दहा मिनिटांनी गेलात तर कोणी ओळख दाखवत नाही. खेड्यात रविवारी दुपारनंतर आणि सोमवारी दुकानं बंद धरून चाला, ब्रेड-भाजी शनिवारीच भरा.

एग्वीयच्या लॉकवर भंगारातून केलेली हलणारी शिल्पं आहेत, चढून झाल्यावर बघायला थांबा, आम्ही दमलेलो म्हणून पाहिल्यासारखं केलं. बेझिएचा फोनसेरानचा जिना, सलग हौदांचा, साडेएकवीस मीटर उंचीचा, तो आम्ही सायकलवरून जाऊन पाहिला. दुसऱ्यांच्या बोटी त्यात चढताना बघणं ही खरी करमणूक. स्वतः जायचं तर वर आणि खाली जायच्या वेळा ठरलेल्या असतात, त्या आदल्या दिवशी बघून ठेवा, चुकली तर अर्धा दिवस गेला.

ज्यांना खरोखर खुर्चीत बसून कालवा बघायचाय, स्वयंपाकी हाताशी हवाय, त्यांच्यासाठी खलाशांसकट हॉटेल-बार्ज मिळतात, माणशी आठवड्याला हजारो युरो. आम्ही त्या वाटेला गेलो नाही. पण फॉनफीलला आमच्या समोरून एक गेली, डेकवर पांढरे टेबलक्लॉथ होते आणि एक काकू आमच्याकडे बघून हात हलवत होत्या. मी दोर धरलेला होता, हात हलवता आला नाही.

त्रेबहून कार्कासोन जवळच आहे, बोट सोडून टॅक्सीने गेलो. किल्ला संध्याकाळी बघा, दिवसभराचे पर्यटक गेल्यावर. जेवायला मात्र किल्ल्याच्या आत बसू नका, खालच्या गावात या. पुढे तुलूझला ट्रेनने तासाभरात पोचता. वाइनचा कॅन विमानात हातसामानात नेता येत नाही हे मेव्हणीला स्टेशनवर आठवलं, तोपर्यंत त्यात जवळपास दोन लिटर शिल्लक होती. ट्रेनमध्ये संपवली.