तुम्ही विचारलंत म्हणून: चिनाबचं पाणी एकदाचं अडवत का नाही?

भारत-पाकिस्तानमधला नद्यांच्या पाणीवाटपाचा सिंधू करार भारताने एप्रिल २०२५ मध्ये स्थगित केल्यापासून हा प्रश्न मला इतक्यांनी विचारलाय की आता उत्तर लिहूनच टाकते.

अडवायचं कशात? बगलिहार, सलाल ही चिनाबवरची आपली धरणं साठवणीची नाहीतच. १९६० च्या या करारानुसार चिनाबवर वीज करायची ती मुख्यतः वाहत्या पाण्यावर, मोठा साठा न करता. बांधकामाच्या किमान सहा महिने आधी तपशील पाकिस्तानला पाठवायचा, हरकतीला त्यांना तीन महिने. जलाशय पहिल्यांदा भरायचा तोही २१ जून ते ३१ ऑगस्ट याच काळात, आणि खाली पाकिस्तानातल्या मराला बंधाऱ्याच्या वर नदीत किमान ५५ हजार क्युसेक (सेकंदाला इतके घनफूट) पाणी चालू ठेवून. पश्चिमेकडच्या नद्यांवर, म्हणजे सिंधू, झेलम, चिनाबवर मिळून ३६ लाख एकर-फूट साठवण्याची मुभा आपल्याला होती. तेवढीही आपण बांधली नाही, याचा दोष करारावर ढकलता येणार नाही.

खरं भांडण दरवाजा किती खाली बसवायचा याचं आहे, आणि ते समजायला सलाल पाहावं लागतं. तळाशी दरवाजे असले की भारत हवं तेव्हा पाणी रोखेल, हवं तेव्हा सोडेल, ही पाकिस्तानची भीती. एप्रिल १९७८ च्या समझोत्यात आपण तळाची सहा गाळद्वारं कायमची बुजवायला कबूल झालो. चिनाब हिमालयातून वाळू, गोटे, माती घेऊन येते. जलाशयात शिरताच पाण्याचा वेग मोडतो, जड वाळू आधी वरच्या टोकाला बसते आणि मग ती रास वर्षागणिक धरणाकडे सरकते. तळाचं दार असेल तर पातळी उतरवून नदीला मोकळं वाहू देता येतं, गाळ ती स्वतःच खरवडून नेते. वरच्या सांडव्यातून नुसतं पाणी जातं, तळचा गाळ हलत नाही. सलालचा जलाशय बघता बघता बहुतांश भरला. जी वाळू पुढे जाते ती टर्बाइनची पाती झिजवते.

पूर्वी मी हाच समझोता दोन देशांच्या शहाणपणाचं उदाहरण म्हणून सांगत असे. भांडण मिटलं, धरण उभं राहिलं, ६९० मेगावॅटचा प्रकल्प झाला, हे आजही खोटं नाही. पण त्याची किंमत जलाशयाने मोजली, आणि ती रास्त होती का, यावर माझं मत अजून ठरत नाही.

पुढे बगलिहारच्या वादात करारानुसार नेमलेले तटस्थ तज्ज्ञ रेमंड लाफित यांनी २००७ मध्ये दरवाजांचा सांडवा मान्य केला. गाळ काढणं ही धरणाची गरजच आहे, असं त्यांचं म्हणणं. २०१३ मध्ये किशनगंगा या दुसऱ्या वीजप्रकल्पाच्या वादात लवाद न्यायालयाने उलट सांगितलं: अकल्पित आणीबाणी सोडून मृत साठ्याच्या, म्हणजे तळाशी न वापरता राहणाऱ्या पाण्याच्या, पातळीखाली जलाशय उतरवायचा नाही. एकाच कराराचे हे दोन अर्थ. आपल्या अभियंत्यांनी कुठला धरायचा?

पाकिस्तानची भीती मात्र बनावट नाही. हिवाळ्यात नदी रोडावते, तेव्हा चार दिवस पाणी धरलं तरी खालच्या कालव्यांना ते जाणवतं. गाळ सोडला तर त्याचा लोंढा त्यांच्याच हद्दीत जातो. त्यासाठी आधी कळवायला हवं, आणि करार स्थगित असताना ते कळवणं कुणावर बंधनकारक आहे, हे मलाही सांगता येत नाही.