तिसऱ्या ओळीतलं नाव

रविवार, रात्र

सैनिकाचा विरह म्हटला की डोळ्यांपुढे सीमा येते, पहारा येतो, खिशातला फोटो येतो. मला मात्र 1942-43 सालच्या अमेरिकेतल्या सरावछावण्या आठवत राहतात. शत्रू अजून समुद्रापार, बायको आगगाडीने फार तर दोन-तीन दिवसांच्या अंतरावर, आणि तरीही भेट नाही. युद्धावर गेलेल्याला निदान युद्धावर गेल्याचं कारण असतं. जॉर्जियाच्या लाल मातीत खंदक खणून पुन्हा बुजवणाऱ्या विशी-बाविशीच्या नवऱ्याने काय सांगावं?

सांगायला वेळ तरी कुठे होता म्हणा. पहाटे बिगुल, मग कवायत, नेमबाजी, पाठीवर पूर्ण बोजा घेऊन चाल (50 मिनिटं चालायचं, 10 मिनिटं बसायचं), मुदपाकखान्याची पाळी आली तर बटाट्यांचा ढीग. संध्याकाळी बंदूक आणि बूट साफ करेपर्यंत बराकीतले दिवे मालवायची वेळ. संडास-न्हाणीघरातला दिवा तेवढा रात्रभर जळायचा. त्या युद्धातली कितीतरी प्रेमपत्रं मांडीवर कागद धरून तिथेच लिहिली गेली. शेजारी कोणी दाढी करतोय, कोणी मोजे धुतोय, आणि हा ‘प्रिये’च्या पुढे काय लिहावं म्हणून अडलेला.

पत्राला तिकीट लागत नसे. 1 एप्रिल 1942 पासून सैनिकाने तिकिटाच्या जागी स्वतःच्या हाताने ‘फ्री’ एवढा शब्द लिहायचा आणि डाव्या कोपऱ्यात आपलं नाव, हुद्दा, तुकडी. ही सवलत साध्या पत्राला होती, पार्सलाला नाही. विमानटपालाला 6 सेंट मोजावेच लागत. तिच्या उत्तराला मात्र 3 सेंटचं तिकीट. म्हणजे त्याचं लिहिणं फुकट, तिचं विकत. आणि जास्त पत्रं बहुधा तीच लिहिणार!

घोळ व्हायचा तो पत्त्याचा. आधी भरती केंद्र, तिथे कपडे, लशी, चाचण्या, आणि थोड्याच दिवसांत दुसरीकडे रवानगी. पहिल्या पत्त्यावर टाकलेली तिची पत्रं त्याच्या मागे हिंडत राहायची. पुढच्या छावणीत हजारो माणसं. पाकिटावर कंपनी आणि बटालियन लिहायची राहिली की पत्र अडकलंच. मग चार दिवस काही नाही, आणि पाचव्या दिवशी एकदम पाच, तीही उलटसुलट क्रमाने. शहाणी जोडपी पाकिटावर क्रमांक टाकत. सातवं आधी हाती आलं तर सहावं अजून वाटेत आहे एवढं कळायचं, आणि सातव्यातलं ‘त्याबद्दल रागावू नकोस’ हे वाक्य कशाबद्दल, यावर रात्र काढायची.

आणि तो अंगठा. एम-1 गॅरँड बंदुकीचं वजन साडेनऊ पौंड, क्लिपमध्ये 8 गोळ्या. तपासणीसाठी बोल्ट (गोळीची कोठी बंद करणारा पोलादी दांडा) मागे ओढून कोठी उघडी ठेवायची. ती बंद करताना उजव्या तळहाताच्या कडेने हँडल मागे रोखून धरायचं, अंगठ्याने आतला फॉलोअर (गोळ्या वर ढकलणारी पट्टी) खाली दाबायचा, बोल्ट जरासा पुढे येऊ द्यायचा, अंगठा बाहेर काढायचा आणि मगच हँडल सोडायचं. तळहाताची कड निसटली की स्प्रिंगच्या जोराने बोल्ट थेट अंगठ्यावर. नख काळंनिळं. नेमका उजव्या हाताचा, लेखणी धरायचा अंगठा. घरी पोचलेलं ते वेडंवाकडं अक्षर बघून तिने काय काय कल्पना केल्या असतील!

पैशाचा हिशेब कोरडा वाटतो, पण मला त्यात माया दिसते. जून 1942 पासून साध्या शिपायाचा पगार महिना 50 डॉलर. बायकोच्या भत्त्यासाठी त्यातले 22 कापले जात, सरकार 28 घालत असे, आणि तिच्या हाती 50 डॉलरचा चेक पडे. विशीतल्याने 10,000 डॉलरचा विमा उतरवला तर महिना साडेसहाच्या आसपास हप्ता, शिवाय धुलाईचे दीड डॉलर. त्याच्या हाती उरत साधारण 20. मात्र अर्जाला लग्नाच्या दाखल्याची प्रमाणित प्रत लागे. दाखला गावच्या कचेरीत, नवरा छावणीत, अर्ज भत्त्याच्या न्यूअर्कमधल्या कार्यालयात. ती प्रत आणायची खटपट अर्थात तिच्याच गळ्यात.

फोन? छावणीतल्या बूथपुढे रांग, ऑपरेटरकडून लांबचा कॉल जोडून मिळेपर्यंत ताटकळणं. संध्याकाळी 7 ते 10 लाइन सैनिकांसाठी मोकळ्या ठेवा, अशा जाहिराती टेलिफोन कंपन्याच करत. बोलणं पाच मिनिटांत आटपायचं, आणि मागचा माणूस उसासे टाकतोय. अशा वेळी कोणाला काय सुचणार? हवापाण्याची चौकशी होते आणि फोन ठेवल्यावर खरं वाक्य आठवतं.

काही बायका सरळ गाडीत बसून छावणीच्या गावी येत. गाड्या खच्चून भरलेल्या, गावात खोली मिळायची मारामार. कुणाची ओसरी, कुणाची माडी, अवाच्या सवा भाडं. एवढं करून हाती एखादा शनिवार-रविवार, तोही बराकीच्या तपासणीत दोष निघाला नाही तर. धुळीचा एक डाग आणि पास रद्द. ती फाटकाबाहेर, तो आत फरशी घासतोय. खंदकातल्या मरणापेक्षा हे चित्र मला जास्त छळतं, का ते कळत नाही.

पण आज लिहायला बसलो ते सैनिकाच्या गळ्यातल्या ओळखीच्या बिल्ल्यांमुळे. धातूच्या दोन सारख्या पट्ट्या. पहिल्या ओळीत त्याचं नाव. दुसरीत सेवाक्रमांक, धनुर्वाताच्या लशीचं साल, रक्तगट. तिसरीत जवळच्या नातलगाचं नाव, चौथीत रस्ता, पाचवीत गाव, राज्य आणि धर्माचं एक अक्षर. लग्न झालेल्याच्या तिसऱ्या ओळीत बहुधा बायको. चालताना, खंदकात, झोपेत तिचं नाव आणि पत्ता छातीला घासत राहणार. ती भाड्याची खोली सोडून माहेरी गेली, तरी धातूवरचा पत्ता जुनाच.

जुलै 1943 मध्ये नियम बदलला आणि नातलगाचं नाव-पत्ता बिल्ल्यावरून गेला. त्यानंतर भरती झालेल्याच्या पट्टीवर तिसऱ्या आणि चौथ्या ओळीच्या जागी नुसता गुळगुळीत धातू. आधीचे बिल्ले मात्र पुष्कळांनी तसेच गळ्यात ठेवले.