अॅम्बेसेडर आज परत चाकांवर उभी राहिली!

माझी अॅम्बेसेडर गाडीची १:४३ मापाची, म्हणजे खऱ्या गाडीच्या त्रेचाळिसाव्या हिश्शाएवढी छोटी मॉडेल, भाच्याच्या हातून जिन्यावरून पडलेली, छताचा एक खांब तुटलेला, पुढचा एक्सल वाकडा. आज ती नीट उभी आहे आणि मला खरंच लय भारी वाटतंय! डायकास्टची, म्हणजे साच्यात धातू ओतून केलेल्या मॉडेलची, बॉडी जस्ताच्या मिश्रधातूची असते, साध्या सोल्डरिंगनं ती काही धरत नाही, म्हणून खांबाच्या दोन्ही तुकड्यांत बारीक भोक पाडून आत तारेचा तुकडा घातला आणि एपॉक्सी (दोन भाग मिसळून लावायचा घट्ट गोंद) लावून रात्रभर तसंच ठेवलं. खालचे रिव्हेट ड्रिलनं उडवून तिथं स्क्रू बसवले, परत उघडायची झाली तर टेन्शन नाही.

पेंटचं मात्र आपल्या सोलापुरात वेगळंच असतं बघा. दुपारच्या उन्हात स्प्रे मारला की रंग बॉडीवर बसायच्या आधी हवेतच वाळतो आणि फिनिश खरखरीत येतं. म्हणून उजाडल्या उजाडल्या गच्चीवर, वारं सुटायच्या आधी, प्रायमरवर क्रीम कलरचे पातळ पातळ कोट दिले.

वरचं कॅरिअर तांब्याच्या तारेचं केलं, तुळजापूरला जाताना गाडीवर असायचं तसं, आणि त्यावर वळकटी. सोलापुरी चादरीचाच तुकडा लावायची फार इच्छा होती पण ती वीण एवढ्याशा गाडीवर गोणपाटासारखी जाड दिसते, मग जुन्या रुमालाच्या कापडावर बारीक ब्रशनं लाल पट्टे ओढले. खरी गाडी २०१४ लाच बनायची बंद झाली, त्यामुळं ही जपावीशी वाटते. उद्या बंपरला क्रोम फॉइल. आणि कुणाकडं याच साइजची जुनी चाकं पडून असतील तर सांगा, मला पाहिजेत.