पद्मिनीचा इलेक्ट्रिक पंप आणि अडीच पीएसआयचा हिशेब

कार्ब्युरेटरवाल्या जुन्या गाडीला (कार्ब्युरेटर म्हणजे हवेत पेट्रोल मिसळून इंजिनाला देणारा भाग) पेट्रोलचा इलेक्ट्रिक पंप बसवला असं सांगितलं की लोक पहिल्यांदा विचारतात, "पंप केवढ्या ताकदीचा?" मला वाटतं, विचारायला हवं ते दाबाबद्दल. पंप काय, कुठलाही पेट्रोल पोचवतो. दाब आवरणं हे खरं काम आहे, आणि माझा बहुतेक वेळ त्यातच गेला.

आमची प्रीमियर पद्मिनी 1986 ची. इंजिन 1089 सीसी, कार्ब्युरेटर सोलेक्स. बाकी तब्येत ठणठणीत, पण उन्हाळ्यात वाईहून पाचगणीकडे पसरणी घाट चढताना एखाद्या ट्रकमागे अडकलं की गाडी आचके द्यायची आणि बंद पडायची. पंपावर ओलं फडकं टाकून थांबायचं, मग ती पुन्हा चालायची. हा व्हेपर लॉक. मूळचा पंप इंजिनाच्या अंगाला चिकटलेला असतो आणि मागच्या टाकीतून पेट्रोल ओढतो. ओढताना पाइपमधला दाब उतरतो, आणि दाब उतरला की पेट्रोल लवकर उकळतं. त्यातले हलके घटक तसेही चाळीस अंशांच्या आसपास उकळू लागतात. मग पंपाच्या वाट्याला पेट्रोलऐवजी वाफ येते. टाकीजवळ बसवलेला पंप ओढण्याऐवजी ढकलतो. लांबलचक पाइप दाबाखाली राहतो आणि वाफ धरायला वाव कमी मिळतो.

तरीही मूळ पंपाबद्दल माझा आदर या कामात वाढला. त्यात इंजिनाच्या फिरत्या कॅमचा रेटा फक्त डायफ्रॅम, म्हणजे लवचीक पडदा, मागे खेचतो, पेट्रोल पुढे ढकलते ती स्प्रिंग. कार्ब्युरेटरमधली पेट्रोलची छोटी वाटी, म्हणजे फ्लोट चेंबर, भरली आणि तरंगत्या फ्लोटने सुई वर ढकलून पेट्रोलचं तोंड बंद केलं, की स्प्रिंग दबून राहते आणि दांडा नुसता हलत राहतो. म्हणजे दाब किती व्हायचा हे त्या एका स्प्रिंगवर ठरतं, इंजिन कितीही पळवा. इलेक्ट्रिक पंप आणला की ही स्प्रिंग गाडीतून जाते, आणि तिचं काम दुसऱ्या कुणावर तरी सोपवावं लागतं.

आकडे मांडून पाहिले. चाळीसेक अश्वशक्तीचं हे इंजिन पूर्ण जोरात चाललं तरी तासाला साधारण 12 लिटर पेट्रोल पिईल. बाजारातला टिकटिक करणारा छोटा चौकोनी पंप त्याच्या कितीतरी पट देऊ शकतो. न वापरलेला सगळा जोर दाब बनून सुईवर येतो. सुईखालचं भोक दोन मिलिमीटरच्या आसपास, आणि तिला वर धरतो तो फक्त फ्लोटचा तरंगण्याचा जोर. दाब दुप्पट झाला की सुईवरचा रेटाही दुप्पट. फ्लोट हरला की पेट्रोल थेट इंजिनाच्या घशात. म्हणून कमी दाबाचाच पंप घ्यायचा, शिवाय दाब ठरावीक ठेवणारा रेग्युलेटर लावायचा. इंजेक्शनच्या गाडीचा चाळीसच्या वर पीएसआय (पाउंड प्रति चौरस इंच, दाबाचं माप) देणारा पंप भंगारात स्वस्त मिळतो, पण या गाडीच्या आसपासही आणू नये.

नाना पेठेत नळ्या, क्लिपा, फिल्टर असं सगळं मिळालं. पंप टाकीच्या तळापेक्षा खाली, मागच्या बाजूला रबरी बुशांवर बसवला, त्याच्या आधी जाळीचा फिल्टर. मूळ पंपाच्या जागी गॅसकेट घालून ॲल्युमिनियमची जाड पट्टी, नाहीतर तिथून ऑइल येतं. नळ्या सगळ्या इथेनॉल सोसणाऱ्या घेतल्या. आताच्या 20 टक्के इथेनॉलच्या पेट्रोलने जुनं रबर फुगतं, मऊ पडतं, आणि दाबाखालची नळी फुटली तर गाडी पेटू शकते.

वायरिंगबद्दल मी हट्टी होतो. किल्ली चालू आणि इंजिन बंद असताना पंप चालता कामा नये. अपघातात पाइप तुटला तर तो पंप रस्त्यावर पेट्रोल ओतत राहील. म्हणून ऑइल प्रेशरचा तीन टोकांचा स्विच घातला. स्टार्टर फिरताना एका टोकाने वीज, ऑइलचा दाब आला की दुसऱ्याने, दाब गेला की बंद. जोडीला धक्क्याने तुटणारा इनर्शिया स्विच, रिले आणि फ्यूज. वीज देणारी तार जाड घेतली, कारण मागेपर्यंत जाताना व्होल्टेज पडलं तर पंप मंदावतो. गाडी बरेच दिवस उभी राहिली तर फ्लोट चेंबर भरायला डॅशखाली दाबून धरायचं बटण दिलं.

कार्ब्युरेटरच्या तोंडाशी टी, म्हणजे तीन तोंडांचा जोड, लावून त्यावर दाब दाखवणारा गेज बसवला, तोही बॉनेटखालीच. पेट्रोलची नळी केबिनमध्ये आणायची नाही. रेग्युलेटरवर येणाऱ्या छोट्या गेजवर माझा विश्वास नव्हता, म्हणून 0 ते 10 पीएसआयचा वेगळा घेतला. इंजिन चालू ठेवून अडीचवर आणला. घाटात गाडी कुरकुर न करता चढली.

पण पाचगणीत चहाला थांबून परत निघताना ती सुरू होईना. पेट्रोलचा दर्प, प्लग काळे. आमच्या फिटर मामांनी फ्लोट आणि सुई तपासली, दोन्ही ठीक. मग मी बॉनेट उघडं ठेवून गरम इंजिन बंद केलं आणि गेजकडे बघत उभा राहिलो. काटा अडीचवर थांबला नाही. तीन, चार, सहा, आणि पुढे.

इंजिन बंद झालं की पंखा थांबतो आणि बॉनेटखालची उष्णता काही वेळ वाढत राहते. रेग्युलेटर आणि कार्ब्युरेटर यांच्यामधलं पेट्रोल कोंडलेलं असतं, आमचा रेग्युलेटर उलटं जाऊ देत नाही. ते तापून फुगतं आणि जाईल कुठे, तर सुई ढकलून फ्लोट चेंबरमध्ये. चालू इंजिनावर अचूक लावलेला दाब बंद इंजिनावर निरुपयोगी होता. चालतानाचं वाचन सगळे घेतात, किल्ली काढल्यानंतरचं घेताना मी फार थोड्या लोकांना पाहिलं आहे. खरी परीक्षा तिथे आहे.

उपाय होता परतीची नळी. कार्ब्युरेटरच्या तोंडाजवळच्या टीतून एक फाटा काढून टाकीकडे नेला आणि त्यात लेथवर एक मिलिमीटरचं भोक पाडलेला पितळी बुच बसवला. एवढ्या भोकातून अडीच पीएसआयला तासाला बारा लिटरच्या आसपास पेट्रोल परत जातं, पंपाला ते सहज झेपतं. शिवाय पेट्रोल फिरतं राहिल्याने तापायला कमी वेळ मिळतो. टाकीला वेल्डिंग करायचं नव्हतं, रिकाम्या टाकीतली वाफ स्फोट करते. पेट्रोलच्या काट्याचा युनिट जिथे स्क्रूंनी बसतो ती चकती काढून, लांब नेऊन, तिच्यावर नळीचं तोंड जोडून आणलं.

परतीमुळे गेज थोडा उतरला, रेग्युलेटर किंचित फिरवून पुन्हा अडीच केलं. मामा म्हणाले, "आता तापवून बंद करा, मग बोलू." भर दुपारी गाडी तापवली आणि किल्ली काढली. काटा हळूहळू शून्याकडे उतरला. वीस मिनिटांनी पहिल्या फिरक्यात इंजिन सुरू झालं. हाच प्रयोग पाचगणीत केला, तिथेही तेच.

गेज आता काढून ठेवला आहे आणि टीचं तोंड बुचाने बंद केलं आहे. दर पावसाळ्यानंतर तो लावून दोन्ही वाचनं घेतो, चालू इंजिनाचं आणि बंद केल्यानंतर दहा मिनिटांनी. परतीच्या भोकात टाकीतला गंज अडकू नये म्हणून त्याच्या आधी एक बारीक फिल्टर आहे, तो सर्व्हिसिंगला बदलतो.