पोपट आता फाटत नाही

मागच्या नोंदीत मी छाती पुढे काढून लिहिलं होतं की झेडएक्स स्पेक्ट्रम या जुन्या घरगुती संगणकावर एक चित्र नीट दाखवायला दोन संध्याकाळी पुरतील. त्याला आता सहा आठवडे झाले. चित्र पोपटाचं आहे, आणि या सहा आठवड्यांत नक्की कोणाचा पोपट झाला ते पुढे कळेलच.

नवीन मंडळींसाठी थोडक्यात. यंत्र 1982 चं, 48 के वालं, आत 3.5 मेगाहर्ट्झचा झेड80ए प्रोसेसर. स्क्रीन 256 बाय 192. पिक्सेलांचे 6144 बाइट मेमरीत 16384 या पत्त्यापासून सुरू होतात, त्यांना लागूनच रंगांचे 768, म्हणजे एकूण 6912. टेपवरून स्क्रीन भरायला चाळीसेक सेकंद लागतात. त्यात मजा आहेच, पण मला बटण दाबलं की चित्र हजर, असं हवं होतं. शिवाय एक हट्ट होता: जुनं चित्र जाऊन नवं येताना अर्धं हे आणि अर्धं ते, असं क्षणभरही दिसायला नको.

सुरुवात सगळ्यांची होते तशीच झाली. पीसीवर चित्र काळ्या-पांढऱ्यात करून घेतलं, ओळीमागून ओळ अशी सरळ फाइल लिहिली आणि एलडीआयआरने (बाइटांचा गठ्ठा एका जागेवरून दुसरीकडे नकलणारी प्रोसेसरची आज्ञा) 16384 वर ओतली. स्क्रीनवर पोपट कुठेच नव्हता. वरच्या तृतीयांशात एकाखाली एक आठ चोची होत्या, प्रत्येक चोच आठ पिक्सेलांच्या उंचीत दामटून बसवलेली. मधल्या तृतीयांशात आठ पोटं, खाली आठ शेपट्या. पाच मिनिटं नुसता बघत बसलो, कारण स्पेक्ट्रमच्या मेमरीची रचना समजावणारी इतकी चांगली आकृती मी आजवर पाहिली नव्हती.

पत्त्याच्या वरच्या बाइटमधले सर्वांत खालचे तीन बिट अक्षराच्या चौकटीतली पिक्सेल-ओळ सांगतात. खालच्या बाइटचे वरचे तीन बिट अक्षर-ओळ सांगतात, उरलेले पाच स्तंभ. तृतीयांश कोणता, ते वरच्या बाइटच्या बिट 3 आणि 4 मध्ये. म्हणून सरळ फाइल ओतली की प्रत्येक अक्षर-ओळीत त्या तृतीयांशातली दर आठवी ओळ जाऊन बसते. पत्त्याचा वरचा बाइट एच या रजिस्टरमध्ये ठेवायचा, खालचा एलमध्ये. एका पिक्सेलने खाली उतरायचं तर एच एकने वाढवायचा. त्याचे खालचे तीन बिट शून्य झाले नसतील तर काम संपलं. झाले असतील तर एलमध्ये 32 मिळवायचे. कॅरी (हातचा) आला तर आपण पुढच्या तृतीयांशात पोचलो, एच आहे तसा राहू द्यायचा. नाही आला तर एचमधून 8 काढायचे. हा तुकडा आता मला झोपेतही लिहिता येईल.

या रचनेला शिव्या घालणारे पुष्कळ भेटतात. मीही त्यातलाच होतो. पण पिक्सेलाच्या बाइटचा पत्ता आणि त्याच चौकटीच्या रंगाच्या बाइटचा पत्ता, दोन्हींचा खालचा बाइट एकच असतो, हे लक्षात आल्यावर माझा सूर बदलला. स्क्रीन रंगवणाऱ्या यूएलए या चिपला दर आठ पिक्सेलांना हे दोन्ही बाइट मेमरीतून उचलावे लागतात आणि अर्धा पत्ता तोच राहिला की दुसरा बाइट पटकन मिळतो. रिचर्ड आल्टवॉसरने ही चिप आखताना आपल्या सोयीपेक्षा मेमरीच्या सोयीकडे पाहिलं. त्या किमतीच्या यंत्रात तेच शहाणपणाचं होतं.

मग रंग. आठ बाय आठच्या चौकटीला एकच बाइट: बिट 0 ते 2 इंक (पिक्सेलांचा रंग), 3 ते 5 पेपर (मागचा रंग), 6 ब्राइट (झगझगीतपणा), 7 फ्लॅश (लुकलुक). ब्राइट दोघांना मिळून एकच, त्यामुळे मंद लाल आणि झगझगीत हिरवा एका चौकटीत नांदत नाहीत. पायथनमध्ये छोटी स्क्रिप्ट लिहिली. आठ रंगांच्या 28 जोड्या, ब्राइट धरून 56. प्रत्येक चौकटीवर सगळ्या जोड्या लावून बघायच्या आणि कमीत कमी चूक देणारी ठेवायची. अंग हिरवंगार निघालं, पार्श्वभूमीही छान, पण चोचीपाशी घोटाळा. तिथे एकाच चौकटीत हिरवा, लाल आणि डोळ्याचा काळा असे तिघे आले होते. स्क्रिप्टने लाल-हिरवा निवडला आणि पोपट आंधळा झाला. हिरवा-काळा सक्तीने दिला तर चोच गेली.

दोन दिवस चुकीच्या मोजमापाचं सूत्र बदलत बसलो: डोळ्याला रंगफरक कसा जाणवतो त्याप्रमाणे वजन द्यायचं, वगैरे. शेवटी मूळ चित्र तीन पिक्सेल डावीकडे सरकवलं. डोळा एका चौकटीत, चोच शेजारच्या चौकटीत, प्रश्न मिटला. त्या काळी स्पेक्ट्रमसाठी चित्रं काढणारे आधी जाळी आखून मग रेघ ओढत, ते उगाच नव्हे.

ठिपक्यांतून छटा भासवण्यासाठी आधी फ्लॉइड-स्टाइनबर्ग हे तंत्र लावलं होतं. फोटोवर ते सुरेख दिसतं, पण त्याचे ठिपके कुठेही पडतात, सलग सारखे बाइट मिळतच नाहीत. माझं साधं आरएलई (सलग सारखे बाइट एकदाच लिहून फाइल लहान करणं) लावल्यावर फाइल मूळ 6912 हून मोठी झाली, चक्क. बायरची 4 बाय 4 जाळी (ठिपक्यांचा ठरलेला नमुना) वापरली तेव्हा सपाट भागात एका ओळीतले बाइट हुबेहूब सारखे येऊ लागले, कारण चार हा आठाचा भाजक आहे, आणि फाइल आटली. दिसायला थोडं भरतकामासारखं दिसतं. मला आवडलं, म्हणून तेच ठेवलंय.

आता वेग, म्हणजे खरी गंमत. चित्र आधी 32768 च्या वर एका बफरमध्ये उलगडायचं आणि मग एका दमात स्क्रीनवर टाकायचं. त्याच्या खालची 16 के मेमरी यूएलएसोबत वाटून घ्यावी लागते आणि तिथे प्रोसेसर ताटकळतो, म्हणून बफर वर. एलडीआयआरला बाइटमागे 21 टी-स्टेट, म्हणजे प्रोसेसरच्या घड्याळाचे ठोके, लागतात. 6912 बाइटांचे 145147. एक फ्रेम, म्हणजे स्क्रीन एकदा रंगवून होण्याचा वेळ, 69888 ची. म्हणजे दोन फ्रेमहून जास्त. किती वेळ लागतो ते डोळ्यांनी बघावं म्हणून नकलेआधी बॉर्डर (चित्राभोवतीची कड) लाल केली आणि नंतर परत काळी, ही आपली नेहमीची युक्ती. अख्खी बॉर्डर लाल! लाल पट्टा जितका उंच तितका वेळ, पण तो मोजायचा तर फ्रेमपेक्षा लहान हवा, हे सुचायला मला चहाचा कप संपवावा लागला.

एका वेळी एकच बाइट नकलणारे एलडीआय सुटे लिहिले तर बाइटमागे 16. त्याहून पुढे जायचं तर स्टॅक: एसपी हे रजिस्टर पत्ता धरतं, पॉप तिथून दोन बाइट रजिस्टरांच्या जोडीत वाचतो, पुश जोडीतले दोन बाइट तिथे लिहितो. एसपी बफरवर ठेवायचा आणि एएफ, बीसी, डीई, एचएल पॉप करायचे. मग ईएक्सएक्स करून (म्हणजे पर्यायी रजिस्टरांवर जाऊन) आणखी तीन जोड्या आणि वर आयएक्स: सोळा बाइट हातात. आता एसपी स्क्रीनवरच्या तुकड्याच्या शेवटी न्यायचा आणि सगळं उलट्या क्रमाने पुश करायचं. सोळा बाइटांना 204 टी-स्टेट, म्हणजे बाइटमागे पावणेतेरा. असे 432 तुकडे, प्रत्येकी 26 बाइटांचे, एकूण 11232 बाइटांचा कोड. तो अर्थातच हाताने लिहिला नाही, पायथनने ओकला. सहा के चित्र हलवायला अकरा के कोड, हे ऐकून माझ्या एका मित्राने फोन ठेवून दिला.

तर हे चाललं. हॉल्ट (पुढची फ्रेम सुरू होईपर्यंत थांबायची आज्ञा), नक्कल, पोपट लख्ख. बटण दाबलं की स्क्रीन पुसायची आणि तेच चित्र पुन्हा टाकायचं, असा चाचणीचा फेरा लावला होता. दुसऱ्या फेरीत शेपटीजवळ एक रेघ उमटली. एक पिक्सेल उंच, शंभरेक पिक्सेल लांब, आत नुसता कचरा. तिसऱ्या फेरीतही जवळपास तिथेच. वाढत नव्हती, हलली तरी जराशी. पहिल्या फेरीत मात्र कधीच नाही. एम्युलेटर (पीसीवर चालणारा नकली स्पेक्ट्रम) बंद करून चालू केला, तेच. खऱ्या यंत्रावर टाकलं, तेच.

मी संशय घेतला आरएलईवर. मग पायथनवर. मग मेमरीच्या चिपवर, आणि यंत्र उघडलंसुद्धा. एका संध्याकाळी वैतागून एम्युलेटरमध्ये नकलेआधीचा बफर आणि नंतरचा बफर समोरासमोर ठेवले. नक्कल करताना स्रोतच बदलत होता! बदललेल्या बाइटांमध्ये एक जोडी ओळखीची निघाली: माझ्याच कोडमधला पत्ता.

इंटरप्ट, म्हणजे दर फ्रेमला प्रोसेसरचं चालू काम थांबवणारा इशारा. हॉल्टने मी फ्रेमच्या सुरुवातीला निघायचो, पण काम सव्वा फ्रेमचं, म्हणजे वाटेत एक इंटरप्ट येणारच, आणि दर वेळी साधारण त्याच जागी येणार. त्या क्षणी एसपी असायचा बफरवर, पॉप चालू असताना. झेड80 ने परतीचा पत्ता तिथेच ढकलला, त्यावर रॉमने (यंत्रातल्या कायमच्या कोडने) एएफ, एचएल, बीसी, डीई रचले, कीबोर्ड वाचायला दोन कॉल केले. कमीत कमी चौदा बाइट, म्हणजे 112 पिक्सेल. ते पडले एसपीच्या खाली, नुकत्याच वाचून झालेल्या जागेवर. म्हणून त्या फेरीचं चित्र शाबूत आणि पुढच्या फेरीचं नासलेलं. तोच इंटरप्ट पुश चालू असताना आला असता तर डाग पहिल्याच वेळी स्क्रीनवर पडला असता आणि मी पाच मिनिटांत पकडला असता. स्टॅकची नक्कल करताना डीआय (इंटरप्ट बंद करणारी आज्ञा) घालावं हे आपल्यापैकी प्रत्येकाने वाचलेलं असतं. मीही वाचलं होतं. पोपट झाला तो इथे.

जाता जाता: ईएक्सएक्स वापरून बेसिकमध्ये परतणार असाल तर पर्यायी एचएलमध्ये 10072 परत ठेवा, नाहीतर परतताना यंत्र कोलमडतं. हे मात्र मला पहिल्याच दिवशी कळलं, त्यामुळे सांगण्यासारखी गोष्ट नाही.

डीआय घातलं, रेघ गेली. राहिलं ते फाटणं, म्हणजे अर्धं नवं आणि अर्धं जुनं चित्र दिसणं. मोबाइलवर सेकंदाला 240 फ्रेमचा व्हिडिओ काढून हळू चालवला की स्पष्ट दिसायचं: वर नवा पोपट, खाली जुनं चित्र, आणि तृतीयांशांमुळे मध्ये झडपांसारख्या पट्ट्या. पट्ट्या घालवणं सोपं होतं. तुकडे पायथनच बनवतो, तेव्हा क्रमही त्यानेच बदलायचा: एका अक्षर-ओळीच्या आठ पिक्सेल-ओळी, लगेच तिचे 32 रंग, मग पुढची अक्षर-ओळ. वरून खाली, टीव्हीवर चित्र रंगवणारा बीम जातो तसं.

तरीही फाटत होतं, आता एकाच जागी. कागदावर मांडल्यावर कारण दिसलं. इंटरप्टनंतर चित्राची पहिली ओळ सुरू व्हायला 14336 टी-स्टेट मिळतात, तेवढी माझी आघाडी. पुढे बीमला एक ओळ 224 मध्ये जमते, मला नुसत्या पिक्सेलांनाच 408 लागतात. साधारण 78 व्या ओळीला बीम मला गाठतो, रंगांचा वेळ धरला तर त्याहून आधीच, आणि तिथून खाली जुनं चित्र रंगवत निघून जातो. आठवडाभर मी नक्कल आणखी वेगवान करायच्या मागे होतो. आयवाय वापरता येईल का, पांढरे तुकडे न वाचताच लिहिता येतील का. चार-पाच टक्के मिळायचे. फाटायची जागा थोडी खाली सरकायची, बस.

उत्तर सुचलं ते भांडी घासताना. शर्यत जिंकायचीच कशाला? हॉल्टनंतर लगेच न धावता थांबायचं. बीम पहिल्या ओळीवरून पुढे गेला की त्याच्या मागून निघायचं. तो माझ्याहून वेगवान आहे, म्हणजे या फ्रेममध्ये तो कायम माझ्या पुढेच राहणार आणि अख्खं जुनं चित्रच दाखवणार. पुढच्या फ्रेममध्ये तो वरून परत येईल तेव्हा मी बराच खाली असेन. माझं काम 88128 चं, यूएलएपायी ताटकळणं धरून आणखी थोडं. निघाल्यापासून मोजलं तर शेवटच्या अक्षर-ओळीवर तो दुसऱ्यांदा पोचतो 111104 ला. मला गाठतच नाही.

बदल एवढाच: नकलेआधी एक रिकामा फेरा. बीसी एकने कमी करा, शून्य झाला का बघा, परत फिरा. फेऱ्याला 26 टी-स्टेट. 551 फेरे पुरतात, मी 600 ठेवले, कारण थोडं उशिरा निघालं तरी बिघडत नाही, लवकर निघालं तर बिघडतं. म्हणजे सहा आठवडे घासून मिळवलेला वेग शेवटी पंधरा हजार टी-स्टेट वाया घालवून कामी आला.

हळू व्हिडिओत आता एका फ्रेमला आधीचं चित्र आणि पुढच्या फ्रेमला पूर्ण पोपट, डोळ्यासकट. मी तो व्हिडिओ किती वेळा पाहिला ते सांगत नाही.

चाचणी फक्त 48 के वर झालीय. 128 के च्या मॉडेलवर एक ओळ 228 टी-स्टेटची आणि फ्रेम 70908 ची, त्यामुळे कागदावर तरी तिथे सवलत थोडी जास्तच मिळते. कोणाकडे चालू 128 असेल तर 600 च्या जागी 540 पासून वर-खाली करून बघा आणि कितव्या आकड्याला वरची ओळ फाटायला लागते ते कळवा.