हरवलेल्या माणसाचा माग काढणारे लोक कसे तयार होतात, आणि आपल्या विदर्भात ते का तयार व्हायला पाहिजेत

जंगलाच्या काठावरच्या गावात माणूस हरवला की सगळं गाव धावतं. मोहाच्या दिवसात बाई पहाटे फुलं वेचायला गेली आणि दुपार टळली तरी आली नाही, किंवा म्हातारबाबा बैलामागे गेले ते आलेच नाहीत, की थोड्याच वेळात पन्नास-साठ लोक काठ्या, टॉर्च घेऊन निघतात, हाका मारत सुटतात, आणि ते सगळं मनापासून असतं हे मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे. पण त्या बाईचं शेवटचं पाऊल जिथं उमटलं होतं ती नाल्यातली ओली वाळू, तो धुरा, ती पांधण, हे सगळं पहिल्या अर्ध्या तासातच पन्नास जोडी चपलांखाली जातं. दुसऱ्या दिवशी एसडीआरएफची (राज्य आपत्ती प्रतिसाद दलाची) टीम नाहीतर वनविभागाचे लोक पोचतात तेव्हा जमिनीवर वाचायला काही उरलेलंच नसतं.

मी इथं नागपुरात नोकरी सांभाळून एका व्हॉलंटिअर ग्रुपसोबत शोधकार्याचं काम करतो आणि त्यातला माग काढण्याचा भाग मला सगळ्यात जवळचा आहे, म्हणून आज त्याबद्दल जरा सविस्तर लिहितो.

आधी माग काढायची गरज काय ते बघा, कारण लोक म्हणतात आता ड्रोन आहे, मोबाईल लोकेशन आहे, कशाला खाली वाकून पावलं पाहायची. साधा हिशोब आहे. माणूस तासाला २ किमी चालला आणि त्याला निघून ३ तास झाले तर तो ६ किमीच्या आत कुठंही असू शकतो, म्हणजे जवळपास ११३ चौरस किमी, म्हणजे आपल्या महानगरपालिकेच्या हद्दीतलं अर्धं नागपूर. एवढ्यात शोधायला माणसं आणायची कुठून? पण त्याच्या सलग पाच-सहा पावलांवरून तो ईशान्येकडे गेला एवढं जरी पक्कं कळलं तरी हाच भाग सुरुवातीला १४-१५ चौरस किमीवर येतो. आणि सागाच्या जंगलात पानं असताना ड्रोनला वरून खालचं काही दिसत नाही, मोबाईलला पेंचच्या आतल्या भागात रेंज नसते, मोह वेचणाऱ्या बाईकडं फोन असेलच असंही नाही.

तर आता शिकण्याच्या पायऱ्या. बाहेरच्या देशांत वेगवेगळ्या संस्था त्यांना वेगवेगळी नावं देतात, पण आतला मामला सारखाच आहे.

पहिली पायरी ट्रॅकरसाठी नाहीच, ती सगळ्यांसाठी आहे, पोलीस पाटील, सरपंच, बीट जमादार, एसडीआरएफचा जवान, आपत्ती मित्र, ट्रेकला नेणारे सगळे. काही तासांत शिकवता येते. माणूस शेवटचा जिथं दिसला किंवा जिथं त्याची वस्तू सापडली ती जागा आधी दोरी बांधून बंद करायची, पायवाटेवरून न जाता बाजूनं जायचं, पाऊल दिसलं तर त्याभोवती काडीनं गोल करायचा, पाऊस येईल असं वाटलं तर त्यावर घमेलं नाहीतर टोपलं उपडं घालायचं, आणि शोधायला जाणाऱ्या प्रत्येकाच्या चपलेच्या तळव्याचा फोटो निघायच्या आधी घ्यायचा म्हणजे नंतर कोणाचं पाऊल कोणतं ते वेगळं करता येतं. बस एवढंच. यात हुशारी लागत नाही, थोडं थांबणं लागतं, आणि मला विचाराल तर सगळ्यात जास्त जीव याच पायरीवर वाचू शकतात.

अमेरिकेत १९८१ साली कॅलिफोर्नियात पालोमार डोंगरावर ९ वर्षांचा एक मुलगा हरवला होता. शेकडो लोक शोधायला आले, आणि त्यांच्या पायांखाली त्याच्या पावलांचा माग पुसला गेला. मुलगा जिवंत सापडला नाही. त्या शोधात अ‍ॅब टेलर नावाचा बॉर्डर पेट्रोलचा, म्हणजे सीमेवर गस्त घालणाऱ्या दलाचा, अनुभवी ट्रॅकर होता, त्याला ते इतकं लागलं की त्यानं काही जणांना सोबत घेऊन शाळेतल्या मुलांसाठी 'हग अ ट्री' नावाचा कार्यक्रमच सुरू केला, हरवलास तर एका झाडाला धरून तिथंच थांब एवढं मुलांना शिकवणारा. तो अजून चालू आहे.

दुसऱ्या पायरीपासून खरं ट्रॅकिंग सुरू होतं. याला लागते एक काठी. साधी बांबूची, साडेतीन-चार फुटांची, तिच्यावर दोन रबरबँड. एक पाऊल पूर्ण दिसलं की त्याची लांबी एका रबरबँडनं मोजायची, मग मागच्या पावलापासून पुढच्या पावलाच्या टाचेपर्यंतचं अंतर मोजून दुसरा रबरबँड तिथं सरकवायचा, आणि आता तो रबरबँड शेवटच्या पावलावर येईल अशी काठी ठेवून टोक हळूहळू अर्धगोलात फिरवायचं, पुढची टाच त्या टोकाच्या आसपासच कुठंतरी असते. मग सगळं जंगल नाही शोधावं लागत, हातभर जमीन शोधावी लागते. नवीन पोरांना हे फार हळू वाटतं, एका तासात शंभर मीटरही होत नाही कधीकधी, पण प्रत्येक पाऊल सापडल्याशिवाय पुढं जायचं नाही हा नियम या पायरीवर पक्का ठेवावाच लागतो कारण डोळा त्यानंच तयार होतो.

देवलापारकडचे एक निवृत्त वनमजूर आहेत, आम्ही त्यांना मामा म्हणतो, त्यांनी आयुष्यात ही काठी पाहिली नव्हती पण पहिल्याच दिवशी म्हणाले, "पाऊल कुठी पडाले पाह्यजे ते आधी ठरव बापू, मंग खाली पाह्य." काठीचं सगळं तत्त्व त्यात आलं.

प्रकाश कसा वापरायचा हेही याच पायरीवर. पाऊल दिसतं ते त्याच्या सावलीमुळं, म्हणून ऊन समोरून आलं पाहिजे, माग तुमच्या आणि सूर्याच्या मधात पाहिजे. सकाळी आणि संध्याकाळी तिरपं ऊन असतं तेव्हा जे पाऊल ओरडून सांगतं तेच दुपारी बारा वाजता गायब होतं, आणि आपल्याकडच्या मे महिन्यात तर दुपारी जमीन नुसती पांढरी दिसते. रात्री उलट सोपं जातं, कारण प्रकाश आपल्या हातात असतो, फक्त टॉर्च जमिनीलगत बाजूनं धरायचा. कपाळावरचा हेडलॅम्प इथं काही कामाचा नाही, तो नजरेच्या रेषेतूनच पडतो आणि सावली खाऊन टाकतो.

टीम तीन जणांची. एक जण मागावर, दोघं थोडे मागं डाव्या-उजव्या बाजूला, मागावरच्या माणसाच्या पुढं कोणी जायचं नाही. डोळे थकतात म्हणून जागा बदलत राहायच्या. आणि आपल्या जंगलात त्या दोघांचं आणखी एक काम असतं, मान वर ठेवायचं, कारण जो खाली वाकून पावलं वाचतोय त्याला समोरच्या झुडपात काय बसलंय ते दिसत नाही. पेंच, बोर, उमरेड-कऱ्हांडला इथं वनविभागाचा माणूस सोबत नसताना आणि परवानगी नसताना आत जायचंच नाही, हे वेगळं सांगायला नको.

तिसरी पायरी मला सगळ्यात आवडते आणि सगळ्यात जास्त वेळही तिलाच लागतो. इथं प्रत्येक पावलामागं न जाता आडवं कापायला शिकायचं. म्हणजे माणूस साधारण या बाजूनं गेला असं वाटतंय तर त्याच्या वाटेला आडव्या येणाऱ्या अशा जागा शोधायच्या जिथं पाऊल उमटल्याशिवाय राहत नाही, नाल्याची वाळू, फुफाट्याची पांधण, वणवा अडवायला वनविभागानं साफ ठेवलेली जाळरेषा, कालव्याचा काठ. त्या पट्ट्यांवर एक टीम चालत जाते आणि माग सापडला तर मधली सगळी मेहनत वाचते. एक टीम मागून पाऊल-पाऊल येते, दुसरी पुढं जाऊन कापते. हळू काम जलद होतं ते असं.

याच पायरीवर पावलाचं वय ओळखणं. पाऊल आजचं की परवाचं? याचं कोणतंही पुस्तकी कोष्टक चालत नाही, कारण माती वेगळी तर उत्तर वेगळं. आपली काळी माती तर याबाबतीत फार फसवी आहे राजेहो, ओल्या काळ्या मातीत सप्टेंबरात पडलेलं पाऊल वाळून असं टणक होतं की पुढं महिनोन् महिने ताजं दिसतं, कडा धारदार, तळव्याची नक्षी सगळी जशीच्या तशी. तिथं पाहायचं की आत धूळ, काडीकचरा, कोळ्याचं जाळं आहे का, पावलाच्या आतूनच भेग गेली आहे का. मुरुमात उलट, पाऊल उमटतच नाही, तिथं फक्त हललेला खडा दिसतो, आणि उलटलेल्या खड्याची खालची बाजू गर्द रंगाची असते ती उन्हात थोड्या वेळातच वाळून सारखी होते, म्हणून ती गर्द दिसली तर माणूस नुकताच गेला. सागाच्या पालापाचोळ्यात पान पाहायचं, टाचेखाली वाळलेलं पान चुरडतं आणि खालच्या पानात दाबलं जातं. दवाच्या सकाळी गवतात माणूस गेलेली रेघ लांबूनच गडद दिसते. आणि नेहमी शेजारी आपलं स्वतःचं एक पाऊल उमटवून दोन्ही बाजूबाजूला बघायचे.

यासाठी आम्ही एक पट्टा ठेवतो, अंगणातही जमतं. रोज एक पाऊल टाकायचं, तारीख लिहून काडी रोवायची आणि रोज बघायचं. पाऊस पडला, दव पडलं, मुंग्या फिरल्या, काय काय बदललं ते लिहायचं.

चौथी पायरी म्हणजे सगळं जोडून अर्थ लावणारा माणूस. तो पावलावरून फक्त दिशा नाही सांगत, माणूस थकला, बसला, पाय ओढायला लागला, परत फिरला, हे सांगतो, आणि कोण हरवलंय त्यावर विचार बदलतो. लहान मूल हाकेला उत्तर देईलच असं नाही, घाबरून लपूनही बसतं. स्मृतिभ्रंश झालेले आजी-आजोबा हाकेला बहुतेक वेळा उत्तर देत नाहीत, आणि ते काट्यात, नालीत, झुडपात अडकेपर्यंत चालत राहतात, म्हणून रस्त्यापासून थोड्याच अंतरावर अडचणीच्या जागी पाहावं लागतं, आणि हे जंगलापेक्षा शहराच्या काठावर, वाडी-हिंगण्याकडच्या मोकळ्या प्लॉटांमध्ये जास्त लागू पडतं. ढगाळ दिवशी सरळ चालतोय असं वाटूनही माणूस गोल फिरतो, हे जर्मनीतल्या शास्त्रज्ञांनी २००९ मध्ये जंगलात आणि वाळवंटात लोकांना चालवून दाखवलंय, सूर्य दिसत असला तर बरेच सरळ जातात. पावसाळ्यातल्या शोधात हे डोक्यात ठेवावंच लागतं.

आणि या पायरीवरच्या माणसाला खात्रीचं आणि अंदाजाचं वेगळं करून सांगता आलं पाहिजे. 'हे पाऊल त्याचंच आहे', 'असू शकतं', 'सांगता येत नाही', तीनच उत्तरं. जो प्रत्येक खुणेवर छातीठोक बोलतो त्याच्यामुळं पूर्ण टीम चुकीच्या डोंगरावर जाते.

आता माझ्या मनातलं. हे सगळं शिकवायला बाहेरून लोक आणायची गरज नाही, अर्ध्याच्या वर विद्या आपल्याकडंच आहे. आपल्याकडं १९६६ पासून वाघांची मोजणी पगमार्कवर, म्हणजे पंजाच्या ठशावर, सुरू झाली, ओडिशाचे वनाधिकारी सरोज राज चौधरी यांनी ती पद्धत आणली, काचेवर ठसा उतरवायचा, प्लास्टरचा साचा घ्यायचा. राजस्थानातल्या सरिस्क्यातले वाघ संपल्याचं उघड झाल्यावर मोजणी कॅमेरा ट्रॅपवर गेली आणि मोजणीसाठी ते योग्यच झालं, पण त्या काळात तयार झालेले मामांसारखे लोक, मेळघाटातले कोरकू, गडचिरोलीतले माडिया, रामटेककडचे गोंड गुराखी, यांचा डोळा कुठं कागदावर आलाच नाही. गुजरातच्या सीमेवरच्या रणछोडदास पगींनी १९६५ आणि १९७१ च्या युद्धात पावलं वाचून लष्कराला मदत केली, बीएसएफच्या एका चौकीला त्यांचं नाव आहे, म्हणजे आपल्या देशात या विद्येला मान मिळालाच नाही असंही नाही.

दक्षिण आफ्रिकेत लुई लिबेनबर्ग यांनी नव्वदच्या दशकात सायबरट्रॅकर म्हणून जी परीक्षा पद्धत बसवली ती मला इथं फार जवळची वाटते. ती प्राण्यांच्या मागासाठी आहे, पण बघा, परीक्षा मैदानातच होते, लिहायचं काही नसतं, परीक्षक खऱ्या खुणेकडं बोट दाखवतो आणि विचारतो हे काय. ७० टक्क्यांपासून पुढं ८०, ९० अशा पातळ्या चढत जातात आणि वर १०० टक्के. सोप्या खुणेला चुकलं तर जास्त गुण कापतात. शाळेत न गेलेल्या ट्रॅकरलाही त्यामुळं सर्टिफिकेट मिळतं आणि त्यावर नोकरी मिळते. आपल्या मामाला असा कागद कोणी दिला असता तर आज तो पोरांना शिकवताना मास्तर म्हणून मानधन घेत बसला असता, आमच्यासारख्यांच्या ओळखीवर कधीमधी येत नसता.

कोलंबियात २०२३ साली विमान पडून चार लहान भावंडं अ‍ॅमेझॉनच्या जंगलात ४० दिवस होती, सगळ्यात लहान तर वर्षाचंही नव्हतं. त्यांना सैनिक आणि आदिवासी शोधकांनी मिळून काढलं, अर्धवट खाल्लेली फळं, डायपर, चिमुकलं पाऊल असल्या खुणा जोडत जोडत. चारही जिवंत.

नागपुरात नागरी संरक्षण महाविद्यालय १९५७ साली सुरू झालं (पुढं ते एनडीआरएफ अकादमीत विलीन झालं), राष्ट्रीय अग्निशमन महाविद्यालय इथंच, एसडीआरएफची तुकडी इथंच, आणि चहूबाजूंनी जंगल. वनमजुरांना मास्तर करून या शहरात चार पायऱ्यांचा कोर्स सुरू व्हावा असं मला फार वाटतं, आणि सुरुवात पहिल्या पायरीनं जंगलालगतच्या गावांपासून व्हावी.

तोपर्यंत घरी करता येईल असं एक काम सांगतो. श्रावणात पचमढीकडच्या नागद्वारला निघालात, किंवा पोरांना घेऊन जंगल कॅम्पला, तर निघायच्या आधी टॉवेलची घडी जमिनीवर ठेवा, त्यावर पोळ्या गुंडाळायचा अ‍ॅल्युमिनियम फॉईलचा तुकडा, आणि जो बूट नाहीतर चप्पल घालून जायचंय ती घालून त्यावर एक पाय दाबायला लावा. तळव्याची नक्षी, झिजलेली टाच, शिवलेला पट्टा सगळं उमटतं. त्यावर नाव लिहून फोटो काढून घरच्यांकडं ठेवा, आजी-आजोबांचाही घ्या.